आमचे फोटो कोणाकडे आहेत

आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्या भेटीत आम्हाला नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, भाडं किती परवडेल तेही विचारलं नाही. माधवगंजात त्यांचं दुमजली घर, वरचा मजला रिकामा आहे असं कळलं म्हणून हे आणि मी बघायला गेलो होतो. मुलगा तेव्हा कॉलेजात होता. बाईंनी पाणी दिलं, समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "फोटो कुठे ठेवता?"

मला वाटलं देवाचे. म्हटलं, देवघर छोटंसंच आहे आमचं, भिंतीवर मावतं.

"देवाचं देव बघेल. तुमचे विचारून राहिले आहे मी. लग्नाचे, मुंजीचे, आईवडलांचे."

"ते होय. बिस्किटाच्या डब्यात आहेत."

"डबा कुठे?"

"माळ्यावर."

"आणि दुसरे?"

"दुसरे कुठले?"

"तेच. त्यांची दुसरी प्रत."

दुसरी प्रत नाही म्हटल्यावर बाईंनी ह्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू आम्ही घरात गॅस उघडा टाकून आलो आहोत. मग उठल्या, कनवटीची किल्ली काढली आणि म्हणाल्या, "वरचा मजला बघून घ्या. तुम्हाला लवकरच राहायला यावं लागेल." भाड्याचं बोलणं जाता जाता जिन्यात झालं, तेही काकांशी. काका म्हणजे त्यांचे यजमान. फार कमी बोलायचे. त्या घरात बोलण्याचं काम एकाच माणसाकडे होतं.

गल्लीत सगळे त्यांना बाईसाहेब म्हणायचे. अर्धं मानानं, अर्धं चिडवून. सासर लष्करी घराणं, पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेले, घरात सासऱ्यांची तलवार. पण बाईसाहेब स्वतः बँकेत होत्या, लॉकरच्या खोलीवर. उभा जन्म लोकांना त्यांच्या किमती वस्तूंपर्यंत नेऊन सोडण्यात गेला. त्या सांगायच्या, "सगळे सोनं घेऊन यायचे. एक बाई मात्र यायची, लॉकर उघडायची, आतून एक फोटो काढायची, बघायची, परत ठेवायची. बस. दुसरं काहीच नव्हतं त्यात. अख्ख्या बँकेत ती एकटी शहाणी."

एवढं बोलून तोंड वाकडं करायच्या. "पण तिच्याकडेसुद्धा एकच होता."

आमचं सामान लागलंही नव्हतं, तेवढ्यात बाईसाहेब वर आल्या आणि तो बिस्किटाचा डबा घेऊन गेल्या. मी सोडायला तयार नव्हते. तर म्हणाल्या, या तुम्हीपण. मग खाली त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी जे पाहिलं ते आजपर्यंत विसरले नाही. आमच्या लग्नाचे फोटो त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये होते, वर पारदर्शक कागद, खाली गोंद. इतक्या वर्षांनी ते पानाला असे बसले होते की ओढले तर फाटणार. बाईसाहेबांनी शिवणाचा दोरा घेतला, दोन्ही हातांत ताणून धरला, आणि फोटोच्या खालून असा हलके हलके सरकवला, जशी आपण वडीवर सुरी फिरवतो. श्वास रोखून. एकेक फोटो सुटून वर आला. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, हात ओले होतील म्हणून. माझ्या माहेरच्या माणसांना इतक्या जपून कधी कोणी हात लावला नव्हता, मी तर नाहीच.

मग सगळे फोटो मशीनवर घातले, कंप्यूटरवर चढवले, आणि मला एकेकाकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोण? ही कोण?" मला सगळे माहीत नव्हते. तर म्हणाल्या, सासूबाई आहेत ना तुमच्या, उद्याच फोन करा, त्या आहेत तोवर विचारून घ्या. फोटोच्या मागे नाव लिहायचं ते शिसपेन्सिलीनं, तेही हलक्या हातानं. पेनानं लिहिलेलं त्यांना दिसलं की त्या असं कण्हायच्या जसं त्यांच्याच पाठीवर कोणी लिहिलं आहे.

आता त्यांची खरी करामत सांगते.

त्यांचा नियम असा की प्रत्येक घराच्या फोटोंची एक प्रत आपल्या घरी असावी, आणि एक दुसऱ्याच्या घरी. दुसऱ्याच्या म्हणजे भावाच्या किंवा बहिणीच्या नव्हे. ज्याचा आपला काही संबंध नाही अशाच्या. लश्कर, मुरार अशा आमच्या शहराच्या भागांतली वीस-पंचवीस घरं त्यांनी अशी एकमेकांत गुंतवून ठेवली होती. एका घराची हार्ड डिस्क दुसऱ्या घरी, त्या घराची तिसऱ्या घरी. प्रत्येक डिस्क एका कापडी पिशवीत. पिशव्या त्यांनी स्वतःच्या जुन्या चंदेरी विणीच्या साड्यांच्या शिवलेल्या. माझ्याही कपाटात एक पिशवी होती, अंजिरी रंगाची. कोणाची ते मला ठाऊक नव्हतं. आणि आमची कोणाकडे आहे तेही नाही. कोणालाच आपली कुठे आहे ते माहीत नसायचं. फक्त त्यांना.

ह्यांनी एकदा विचारलं, "अहो बाईसाहेब, आमचेच फोटो, आम्हालाच पत्ता नाही, हे काय?"

"पत्ता दिला की तुम्ही मागून आणाल. कोणाचं लग्न निघेल, पडद्यावर दाखवायचे असतील, घेऊन याल. मग परत ठेवायचं राहील. मग दोन्ही तुमच्याच कपाटात. चोर आला तर त्याला एका फेरीत दोन्ही मिळतील. तुम्ही चोराची सोय का करून राहिले?"

ह्यांनी उठून आमच्या कपाटातली पिशवी आणखी आत सरकवली.

घटस्थापनेच्या आधी प्रत्येक घरानं आपले त्या वर्षाचे फोटो पेनड्राइव्हवर घालून बाईसाहेबांना द्यायचे. मग नवरात्रभर त्या फिरायच्या. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, पायात कापडी बूट, ई-रिक्षा करून रोज दोन-तीन घरं. ज्याच्याकडे पिशवी असेल त्याच्याकडे बसायच्या, डिस्क जोडायच्या, नवे फोटो चढवायच्या, आणि जुन्यांतले कुठलेही पाच-दहा उघडून बघायच्या. उघडतात की नाही. "ठेवलं म्हणजे आहे असं नाही," म्हणायच्या, "उघडलं तर आहे." डिस्क जरा कुरकुरली की ती गेली, नवी आली. खंडेनवमीला सासऱ्यांची तलवार म्यानातून काढून पाटावर मांडायच्या आणि तिच्या शेजारी लॅपटॉप. दोघांना हळदकुंकू, फूल. काकांना कोणी हसून विचारलं तर ते सांगायचे, "शस्त्र आहे तिचं." एवढंच.

लग्नकार्यात तर फोटोग्राफरवाले त्यांना बघूनच घाबरायचे. माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे. आमच्या ओळखीत लग्न होतं, जेवणं चालू होती. फोटो काढणारा पोरगा ताट घेऊन बसणार, तेवढ्यात बाईसाहेब त्याच्यासमोर उभ्या.

"खाना बाद में बेटा. पहले कार्ड."

"आंटीजी, महीने भर में अलबम के साथ सब मिल जाएगा."

"महीने भर में तुम्हारी दुकान में पानी भर गया तो दुल्हन को दोबारा बिठाओगे?"

त्यानं लग्नघरच्या यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी मान खाली घालून वरणभात कालवला. पोरगा उठला. बाईसाहेबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, कॅमेऱ्याचं सगळं कार्ड उतरवून घेतलं, मग स्वतः त्याच्या ताटात दोन जिलब्या जास्तीच्या वाढल्या.

आणि व्हॉट्सअॅपवर कोणी फोटो पाठवला तर त्या तो फोटोच मानत नसत. "हे फोटोचं धुवण आहे," म्हणायच्या. "तांदूळ कुठे आहेत ते सांगा."

आमच्या मुलाला त्यांचं हसू यायचं. तो कंप्यूटरचंच काम करतो. तो म्हणायचा, "बाईसाहेब, आता सब क्लाऊड में है. फोन हरवला, चोरीला गेला, काही फरक नाही पडत."

"चांगलं आहे की. मीही ठेवते तिथे. पण तुझं ते फोनशी जोडलेलं आहे ना? इथे केलं की तिथे आपोआप होतं?"

"हां, वही तो फायदा है."

"मग तो आरसा झाला. आरशासमोर आहेस तोवर आरशात आहेस."

मुलगा हसला. मीही हसले. बोलणं ऐकायला गोड होतं, एवढंच तेव्हा वाटलं.

अशा बाईचं जगात एकाच माणसाशी भांडण होतं. दाना ओली नावाच्या गल्लीत राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई. म्हणे फार वर्षांपूर्वी चांदीची चौकट आली होती घरात, आणि सासूबाईंचा एक जुना फोटो तीत बसेना, म्हणून जाऊबाईंनी कात्री घेऊन कडेनं कापून बसवला. बस. तेव्हापासून बोलणं बंद. आम्ही हसायचो, की बाई, एवढ्याशा कागदावरून कोणी जन्माचं भांडण करतं? दसऱ्याला तेवढ्या एकट्या जाऊन शमीचं सोनं देऊन यायच्या. रीत म्हणून, असं आम्ही समजायचो.

पुढे आम्ही आमची सदनिका घेतली आणि माधवगंज सोडलं, पण त्यांची नवरात्रातली फेरी आम्हाला सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात हे गेले. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. त्या दिवसांचं मी काही लिहीत नाही. नवरात्राच्या आधी दारावर बाईसाहेब. बसल्या, माझा हात हातात घेतला, बराच वेळ तसाच धरून ठेवला. आणि मग म्हणाल्या, "ह्या वर्षीचे द्या."

मला इतका राग आला. म्हटलं, बाईसाहेब, ह्या वर्षी राहू द्या. मला ते फोन उघडून बघवत नाही.

"तुम्ही बघू नका. मुलाला सांगा. मीही बघणार नाही. पण द्या."

मुलानं पेनड्राइव्ह भरून दिला. त्या गेल्या. मी त्यांना दारापर्यंत पोचवायलाही उठले नाही.

थंडीत कळलं की बाईसाहेबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भेटायला गेलो तर काका बाजूला बसून त्यांना मोसंबीचा रस पाजत होते. त्या सगळं ओळखत होत्या, सगळं कळत होतं. फक्त तोंडातून शब्द निघत नव्हता. ज्या घरात बोलण्याचं काम एकाच माणसाकडे होतं, त्या घरात आता कोणीच बोलत नव्हतं.

आणि मग होळीनंतर आमच्याकडे ते झालं.

मला ह्यांचा आवाज ऐकायचा होता. उन्हाळ्यात आम्ही नवा मिक्सर घेतला होता, आणि हे त्याची माहितीपुस्तिका डोळ्याला चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवत बसले होते. मुलानं गंमत म्हणून त्याचा व्हिडिओ काढला होता. ह्यांचा आवाज असलेली तेवढी एकच गोष्ट आमच्याकडे होती. लग्नाच्या वेळच्या कॅसेटी केव्हाच बुरशी लागून गेल्या. मी म्हटलं, लाव रे तो मिक्सरचा.

मुलानं शोधला. पुन्हा शोधला. मग त्याचा चेहरा उतरला.

झालं असं होतं की फोनमध्ये जागा भरली भरली असं सारखं येत होतं. म्हणून त्यानं दिवाळीनंतर फोनमधले जुने फोटो पुसून टाकले. वर क्लाऊडमध्ये आहेत म्हणून. पण ते जोडलेलं होतं. इथलं पुसलं की तिथलंही पुसलं गेलं. पुसलेलं काही दिवस कुठेतरी राहतं म्हणे, तेही दिवस उलटून गेले होते. आणि घरची डिस्क उन्हाळ्यात टेबलावरून पडून बंद पडली होती, नवी आणायची राहिली, आणि हे गेल्यावर ते कोणाला सुचणार. पाच वर्षांचे फोटो गेले. मिक्सर गेला.

मुलगा माझ्यासमोर जमिनीवर बसला. एवढा मोठा माणूस. "आई, मला वाटलं होतं..." एवढंच म्हणत होता.

मी म्हटलं, "रडू नको. बाईसाहेबांकडे आहे."

म्हटलं खरं, आणि लगेच लक्षात आलं. बाईसाहेबांनी ठेवलं आहे, पण कोणाकडे? ते फक्त त्यांना माहीत, आणि त्यांना बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माधवगंजात गेलो. मी काकांना विचारलं, "काका, आमची पिशवी कोणाकडे आहे? तुम्हाला तरी सांगितलं असेल."

काका म्हणाले, "मला कधीच नाही सांगितलं. म्हणायची, तुम्ही आणि मी एका छताखाली. एकाला सांगितलं काय, दोघांना काय, एकच."

मी बाईसाहेबांच्या उशाशी बसले आणि सगळं सांगितलं. मिक्सरचंही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि पहिली दोन बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली.

"नखं कापायची आहेत?" काकांनी विचारलं.

त्यांनी मान जोरात हलवली. पुन्हा बोटं उघडली, मिटली.

"केस का? गरम होतं आहे मानेशी?"

काका उठून कात्री घेऊन आले. कात्री बघून बाईसाहेबांनी तिच्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. काका बिचारे पांघरुणाचा दोरा लोंबतो आहे का ते बघायला लागले. बाईसाहेबांनी गादीवर असा हात आपटला की रसाचा पेला हलला.

आणि मला एकदम कळलं. कात्री. फोटो कापला ती कात्री.

"थोरल्या जाऊबाई?" मी विचारलं. "दाना ओली?"

त्यांनी हात खाली ठेवला आणि डोळे मिटले. काका माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "पण त्या दोघी तर बोलत नाहीत."

दाना ओलीत अरुंद जिन्यानं वर एक खोली, तिथे थोरल्या जाऊबाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या, सुपारी कातरत बसलेल्या. मला म्हणाल्या, "चपला आत घे, कुत्रं नेतं. हा कोण, मुलगा? बस रे."

मी म्हटलं, बाईसाहेबांनी पाठवलं आहे.

"कोण बाईसाहेब? आमची धाकटी होय? आम्ही बोलत नाही."

"माहीत आहे."

"वर्षातून एकदा येते. सोनं देते, पाया पडते, आणि मग समोर बसून नुसती घरं म्हणते. ह्याचं त्याच्याकडे, त्याचं ह्याच्याकडे. मग माझ्याकडून म्हणवून घेते. चुकलं की पहिल्यापासून. इतक्या वर्षांत चहाचा घोट नाही घेतला माझ्याकडे."

मुलगा चक्रावला. म्हणाला, "मग तुम्ही का ऐकून घेता, आजी?"

सुपारीचा अडकित्ता थांबला. जाऊबाई म्हणाल्या, "फोटो कापला ना मी. सासूबाईंच्या शेजारी माझी धाकटी नणंद उभी होती, परकरातली. तिला कापली आणि केरात टाकली. मला चौकट दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं. ती पोर त्याच्या आधीच तापानं गेलेली. तिचा दुसरा फोटो नव्हता गं कुठे. धाकटीनं सगळा केर उपसला उकिरड्यावर जाऊन, नवी नवरी होती तेव्हा. नाही मिळाली." मांडीवरचा सुपारीचा चुरा झटकून म्हणाल्या, "मी एकदा विचारलं तिला, की बये, बोलत नाहीस आणि हे मात्र माझ्याकडेच का ठेवतेस? तर म्हणाली, तुम्ही आता पुन्हा काही कापणार नाही."

आम्ही ज्या भांडणाला हसायचो ते हे होतं.

"आता ऐक," त्या म्हणाल्या. "मला मधून येत नाही. तुमचं जिथे येईल तिथे येईल. मध्ये बोलायचं नाही."

आणि त्यांनी डोळे मिटून सुरू केलं, शहरातले मोहल्ले आणि त्यांतली घरं. कंपूवाल्या मास्तरांचं जनकगंजात देवळामागे. देवळामागच्यांचं मुरारला दूधवाल्यांच्या वर. मुरारच्या दूधवाल्यांचं छावणीत, निळं दार. लहान मुलं पाढे म्हणतात तशा लयीत, झुलत. एकदा खाली भंगारवाला ओरडला आणि त्यांची कडी तुटली, तर पुन्हा कंपूवाल्या मास्तरांपासून. माझ्या कपाटातली अंजिरी पिशवी कोणाची तेही त्यात आलं. ते मी इथे सांगणार नाही. आणि जवळजवळ शेवटाला आमचं आलं, माधवगंजच्या भाडेकरूंचं पाटणकर बाजारात, कापडाच्या दुकानात, कोपऱ्यावर.

आम्ही उठलो तर जाऊबाई म्हणाल्या, "असं नाही जायचं. धाकटी पडली. आता हे माझ्या एकटीकडे राहिलं, आणि माझं वय बघ. तू रोज यायचं. तोंडपाठ होईपर्यंत." मग जरा लाजल्यासारखं हसून म्हणाल्या, "मी तुला चहा देईन."

पाटणकर बाजारातल्या त्या दुकानावरून मी हजारदा गेले असेन. परकराचं कापड तिथूनच घ्यायची. दुकानाचे लालाजी गादीवर बसले होते. मी बाईसाहेबांचं नाव काढलं तर त्यांनी हात जोडले. "कैसी हैं अब?" मग गल्ल्यामागचं लाकडी कपाट उघडलं, गणपतीच्या तसबिरीमागून मोरपिशी चंदेरीची पिशवी काढली. "हर नवरात में खुद आकर देख जाती थीं. हमने कभी नहीं पूछा किसका है. आपका है?"

मुलानं तिथेच, कापडाच्या ठाणांवर लॅपटॉप ठेवला. डिस्क जोडली. फोल्डर उघडला. वर्षं ओळीनं लावलेली. शेवटचं वर्ष उघडलं.

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांच्या मध्ये ह्यांचा आवाज आला, नाकात, प्रत्येक शब्द सुटा करून. "वापरण्यापूर्वी... भांडे... नीट बसले आहे... याची खात्री करावी." आणि मागून माझा, "कळलं हो, बसवते." आणि हे चष्म्यावरून बघतात, "तू नाही बसवत. तू तिरकं बसवतेस."

ब्लाऊजपीस निवडणारी एक बाई हातातलं कापड तसंच धरून उभी राहिली. लालाजींनी पंखा बंद केला, आवाज नीट यावा म्हणून.

मुलानं सगळं आपल्याकडे उतरवून घेतलं. नंतर दोन नव्या डिस्क घेतल्या, काय काय केलं, तो आता स्वतःच बाईसाहेबांसारखा बोलायला लागला आहे. पण ती मोरपिशी पिशवी मी सोडली नाही. घरी आणली. उशाशी ठेवली. त्यात ह्यांचा आवाज वाचला होता, मला ती हातातून खाली ठेवायची नव्हती.

दाना ओलीत माझं काठी टेकत रोजचं जाणं सुरू झालं. उन्हाळा लागेपर्यंत मला सगळं आलं. मग जाऊबाई म्हणाल्या, "जा, तिला म्हणून दाखव. माझंच चुकलेलं असलं तर?"

मी माधवगंजात गेले, बाईसाहेबांच्या उशाशी बसून कंपूवाल्या मास्तरांपासून सुरुवात केली. त्या छताकडे बघत ऐकत होत्या. एका ठिकाणी बोट उचललं. मी थांबले. काकांनी सांगितलं, ते लोक आता मुरारहून गेले, गेल्या वर्षी. ती दुरुस्ती त्यांनीच केली, पहिल्यांदा काका एवढं बोलले असतील. मी पुढे म्हणत गेले. शेवटाला आमचं आलं. "माधवगंजच्या भाडेकरूंचं पाटणकर बाजारात, कापडाच्या दुकानात."

बोट वर आलं.

मला वाटलं काही चुकलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा बोट. त्या छताकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "आता तिथे नाही. माझ्याकडे आहे. उशाशी."

बोट खाली येईना.

"राहू द्या ना बाईसाहेब. मुलानं दुसऱ्या केल्या आहेत. ही एक राहू द्या माझ्याकडे. थोडे दिवस."

बाईसाहेबांनी डावा हात पुढे केला, माझा हात धरला, श्रावणानंतर धरला होता तसा. आणि बराच वेळ धरून ठेवला. त्यांना बोलता येत असतं तरी ह्याहून जास्त काही बोलल्या असत्या असं मला वाटत नाही. मी रडले तर त्यांनी रडू दिलं. हात सोडला नाही, आणि मान हलवून नाहीच म्हणाल्या.

तशीच घरी गेले, पिशवी घेतली, रिक्षा केली. लालाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तसबिरीमागे ठेवली.

"तो अब इस नवरात में कौन आएगा देखने?"

"मैं आऊँगी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या काठीकडे पाहिलं. "आपको ये मशीन चलाना आता है, बहनजी?"

मी म्हटलं, "आ जाएगा."